ओव्हरला मराठी शब्द

ओव्हाळ सरांनी एक ॲम्प्लिफायर निवडायला दोन वर्षं घेतली. तेवढ्या काळात माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं, पार पडलं, त्याला मुलगी झाली आणि ती रांगायलाही लागली. आम्ही पाच जण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भोरला सरांच्या घरी जमायचो. दर वेळी कुणीतरी विचारायचं, "सर, ठरलं का?" सर चष्मा काढून बनियनच्या टोकाला पुसायचे आणि म्हणायचे, "बघतोय." पहिले सहा महिने आम्हाला ते काटेकोर वाटले. मग हट्टी वाटले. शेवटी तर आम्ही विचारणंच सोडून दिलं. चहा प्यायचा, भिंतीकडं बघायचं आणि आपापली एसटी धरायची.

आमचा छंद सांगायला सोपा नाही. सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवायचा, छतावर तार ताणायची आणि मोबाईल, टॉवर यांच्याशिवाय दूरच्या माणसाशी बोलायचं. याला हौशी रेडिओ म्हणतात. बहुतेकांना तो रिकामपणचा उद्योग वाटतो. पण वरंधा घाटाकडं पावसाळ्यात दरड आली, लाईट गेली, टॉवर बंद पडला, की तिकडच्या गावांत कोण कसं आहे ते तीन-तीन दिवस कळत नाही. म्हणून हिर्डोशीत आमचा एक लहान सेट ठेवलेला होता. पाच वॅटचा, म्हणजे मोबाईलच्या साध्या चार्जरएवढी ताकद. तो सांभाळायचे बबनतात्या, तिथले पिठाच्या गिरणीवाले. सेट आणि तार यांच्यामध्ये ॲम्प्लिफायरची पेटी बसवली, की पाचाचे पन्नास होतात, शंभर होतात, आणि तात्यांचा आवाज भोरपर्यंत ठणठणीत येईल, असा आमचा हिशेब. वर्गणी जमलेली होती. कुठली पेटी घ्यायची तेवढं सरांनी सांगायचं होतं.

सर म्हणजे शाळेतले सर नव्हेत. नोकरीभर टेलिफोनचे लाईनमन. भोर आणि वेल्हे तालुक्यातला खांब न् खांब त्यांच्या पायाखालचा. खात्यात त्यांना कुणी सर म्हटलं नाही, तिथं ते "ए ओव्हाळ" होते. निवृत्तीनंतर त्यांनी घरच्या पुढच्या खोलीत परवान्याच्या परीक्षेचे वर्ग घेतले, फुकट, आणि अकरा जणांना पास केलं, तेव्हा ते सर झाले. आम्हा पाच जणांना तर त्यांनी या कामाला जुंपूनच ठेवलं. स्वतः दहावी नापास. मी विंझरची, आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेली पहिली, तीही इलेक्ट्रॉनिक्समध्ये. पहिल्या दिवशी मी ते त्यांना सांगितलं. खरं तर दोनदा सांगितलं. सर म्हणाले, "चांगलं हाय. तू शिकलीयस, म्या नापास हाय. दोघांचं मिळून एक काम व्हतंय का बघू. ही तार धर." आणि मला अंगणात तारेचं टोक धरून पाऊण तास उन्हात उभं केलं.

त्यांच्या घरात शिरलं की आधी एक बोट दिसायचं. वर केलेलं. म्हणजे थांब, ऐकतोय. उजव्या कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून मान डावीकडं कललेली, आणि सेटचा आवाज इतका बारीक की आपल्याला नुसती खरखर वाटावी. त्या खरखरीतून ते नेपाळचा माणूस काढायचे, केरळचा काढायचे. मी म्हणायचे, "सर, आवाज वाढवा की." ते म्हणायचे, "आवाज वाढवला की खरखर बी वाढती." कुणी काहीही ठामपणे बोललं, की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "मोजलंस का?" मीटर लावून मोजलंस का, असं. राजकारणावर बोललं तरी तोच प्रश्न. आमच्यातल्या एकानं एकदा कंटाळून विचारलं, "सर, तुमी लग्नाआधी काकूंना बी मोजलं व्हतं का?" आतनं काकूच म्हणाल्या, "न्हाई मोजलं, म्हणून तर टिकलं."

रेडिओवर माणसाला नावगाव नसतं, परवान्यावर मिळालेली अक्षरं आणि आकडा असतो. बोलणारा तोच सांगतो, ऐकणारा तोच लिहून घेतो. सरांना ते फार आवडायचं. एकदा तार गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "खांबावर चढायच्या आधी लोक आडनाव विचारायचे सुजाता. पाणी मागितलं तरी आधी आडनाव. हितं कोण इचारत न्हाई." पुढचं मला विचारावं लागलं नाही, मीही तसल्याच आळीतली आहे.

आणि नेमकं रेडिओवरच त्या आडनावाचं हसं झालं. बोलणं संपलं, आता तुम्ही बोला, हे सांगायला रेडिओवर 'ओव्हर' म्हणतात. बबनतात्यांना तो शब्द काही केल्या बसेना. गिरणीच्या आवाजात आयुष्य गेलेलं, त्यामुळं माईकही ते हाळी दिल्यासारखा वापरायचे. "तांदूळ बरा हाय, पाऊस बरा हाय, ओव्हाळ!" असं त्यांचं बोलणं संपायचं. आम्ही हसून हसून पडायचो. मग बाकीचेही मुद्दाम म्हणायला लागले. "चहा झाला, ओव्हाळ." "निघतो आता, ओव्हाळ." सर हसायचे, पण उशिरा हसायचे. एका रविवारी त्यांनी सांगून टाकलं, "उद्यापास्नं ओव्हर बंद. आपण मराठी माणसं. बोलून संपलं की 'झालं' म्हणायचं." सगळ्यांना पटलं. तात्यांना तर लगेच जमलं. शब्द सोपा, तोंडातला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात हिर्डोशीचा रस्ता दरडीनं बंद झाला. लाईट नाही, मोबाईल नाही. हिर्डोशीचा दत्ता तेव्हा वरवे बुद्रुकजवळ एका कारखान्यात मशीनवर होता. रस्ता बंद व्हायच्या आदल्या दिवशी त्याच्या आईला ताप चढल्याचा फोन आला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो सरांच्या उंबऱ्यावर येऊन बसला. मीही होते. ठरल्या वेळेला तात्यांचा आवाज आला, पण पार विरलेला. आभाळ गरजत होतं, तिकडची बॅटरी उतरत आलेली. आम्हा तिघांना जे ऐकू आलं ते असं: "दत्ताच्या आईला..." मग नुसती खरखर. मग "...झालं."

सरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा "...आईला..." आणि पुन्हा "...झालं." त्यानंतर काहीच नाही.

सरांनी वहीत लिहिलं, निरोप अपुरा. दत्ताकडं वळून म्हणाले, "दत्ता, निरोप अर्धाच आलाय बघ. पुरा न्हाई. घाई करू नगंस." पण आमच्याकडं मरणाची बातमी सरळ कुणी सांगत नाही. आई जरा जास्त आहे, निघून ये, असंच सांगतात. अर्धा निरोप म्हणजे काय, ते लहानपणापासून माहीत असतं. आणि 'झालं' म्हणजे आमचं ओव्हर, हे दत्ताला माहीत नव्हतं. दत्ता उठला आणि गेला. सर त्याच्या मागं अंगणापर्यंत धावले, पण तोवर तो एका टेम्पोत बसला होता.

जिथवर वाहन गेलं तिथवर तो गेला. पुढं पायी, पावसात, दरडीवरनं. त्या दरडीत एक दगड सुटून त्याच्या पावलावर आला. तो तसाच दोन तास फरफटत घरी पोचला, तर आई दारात बसून तांदूळ निवडत होती. तात्यांनी सांगितलेला अख्खा निरोप असा होता: "दत्ताच्या आईला ताप व्हता, आता उतार पडलाय. झालं."

दत्ताचं पाऊल वाकडंच सांधलं. मशीनपुढं आठ तास उभं राहणं जमेना, कारखाना सुटला. तो हिर्डोशीला परत आला आणि तात्यांच्या गिरणीत दळणं घ्यायला बसू लागला. आई पुढं वर्षभरानं गेली, तिच्या वेळेनं.

आम्ही सगळ्यांनी निष्कर्ष काढला, की ताकद कमी पडली. पाच वॅटनं घात केला. सगळ्यात जास्त मी बोलले. मी पाटी घेऊन आकडेमोड करून दाखवली, की दोनशे वॅटचा ॲम्प्लिफायर घेतला तर असं पुन्हा होणार नाही. गावानंही तेच म्हटलं. फक्त गावाला ॲम्प्लिफायर म्हणजे लाऊडस्पीकरचा एवढंच माहीत. तात्या म्हणाले, "देवळात हाय की एक. सप्त्यालाच लागतो. तो जोडला तर?" सर म्हणाले, "तो कानाचा तात्या, हा तारेचा." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बघतो." तिथून ती दोन वर्षं सुरू झाली.

ते बघणं म्हणजे खरोखर बघणं होतं. पुण्याला जाऊन दुकानदारांशी उभ्या उभ्या तासभर बोलायचे. एक जोडणीचा संच आणला, चार दिवस तो सुटा करून टेबलावर मांडला आणि परत केला. मी विचारलं, काय वाईट होतं? "ह्याला गाळणीच न्हाई. आपण एका जागी बोलणार आणि घाण चार जागी सांडणार. दुसऱ्याच्या दारात कचरा टाकल्यागत." दुसरा एक आणला, तो आमच्या सेटच्या पाच वॅटवर नीट चालेनाच, त्याला चालवायलाच जास्त ताकद लागायची. तिसऱ्याचा पत्रा इतका पातळ की दहा मिनिटांत हात लावता येईना. मी चिडायचे. मी शाळेत शिकवते, तपासायच्या पेपरांचे गठ्ठे घरी पडलेले असायचे, मी रविवार मोडून यायचे आणि हे पत्रा चाचपत बसायचे.

शेवटी माझ्या दोनशे वॅटच्या हट्टापायी सरांनी पुण्याच्या ओळखीतून एक मोठी पेटी चार दिवस मागून आणली. "चल, मोजू," म्हणाले. आम्ही ती हिर्डोशीला नेली, गिरणीत जोडली. भोरला सरांच्या सेटवर आमच्यातला एक जण बसलेला. तात्यांनी माईक घेतला आणि सवयीनं ओरडले. मीटरची सुई आपटली. भोरवरनं उत्तर आलं, की आवाज शेजारच्या खोलीतनं यावा तसा येतोय. मी सरांकडं बघितलं. मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात एक म्हातारेबाबा धोतर सावरत गिरणीत आले. गावात सप्ता चालू होता. "बबन, तू देवळात कशाला बोलायला लागलास? महाराज थांबल्यात."

तात्या म्हणाले, "म्या हितंच हाय की."

"तू हितं असशील, पण आवाज तिकडं हाय. आन् तो बी तुझ्यागत न्हाई, बदकागत."

आमची दोनशे वॅटची लहर देवळाच्या भोंग्यात शिरली होती, आणि तात्यांच्या दर वाक्याला भोंगा बदकासारखा ओरडत होता. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. सर देवळाशी गेले, खालच्या पायरीवर उभं राहून हात जोडले. महाराज वर बोलवत होते. "हितनंच बरं हाय," सर म्हणाले आणि माघारी आले.

परत आल्यावर त्यांनी तात्यांना विचारलं, "भोरचं तुमाला कसं ऐकू आलं?"

तात्या जरा ओशाळले. "ते म्हणत्यात लई झाक येतंय. पर मला त्यांचं पैल्यासारखंच. खरखरीतनं."

"पेटी बोलायला मदत करती तात्या. ऐकायला न्हाई करत."

चार वाजता बॅटरीनं मान टाकली. ज्या बॅटरीवर लहान सेट तीन दिवस तग धरतो, ती एका दुपारी संपली. सर वहीत लिहीत राहिले. उतरताना एसटीत एवढंच म्हणाले, "दरड आली म्हंजे लाईट नसती सुजाता. मोठ्या पेटीनं पैल्या दिवशी गाव हादरवायचं आणि दुसऱ्या दिवशी मुकं व्हायचं. त्यापरीस..." आणि त्यांना डोळा लागला. त्या वर्षी ते फार थकलेले दिसायचे. मला वाटायचं, वयाचं असेल.

शेवटी त्यांनी निवडली ती पेटी लहानच होती. पाचाचे तीस वॅट करणारी, आत गाळणी असलेली, जाड पत्र्याची, बॅटरी फार न खाणारी. आणि त्याबरोबर गिरणीच्या पत्र्याला चिकटलेली जुनी तार काढून मागच्या दोन जांभळींमध्ये नवी तार बांधायची ठरवली, म्हणजे ऐकूही नीट येईल. गेले दोन पावसाळे ती पेटी तिथं चालू आहे. रस्ता बंद पडला की तात्या ठरल्या वेळेला बोलतात, थोडकं बोलतात, आणि आम्हाला शब्द न् शब्द कळतो. सरांना ते ऐकायला मिळालं नाही. पेटी बसवली मे महिन्याच्या शेवटी, आणि पाऊस धरायच्या आत सर झोपेतच गेले. मी तेव्हा परीक्षेच्या कामाला बाहेरगावी होते. त्यामुळं मला शेवटचे दिसले ते पेटी बसवायच्या दिवशीच.

त्या दिवशी काम दुपारीच आटपलं. तार बांधून झाली, भोरशी बोलून झालं. तात्यांनी चहा मागवला. दत्ता दळणाचे डबे लावत होता. सरांनी चहाला हात लावला नाही. म्हणाले, "दत्ता, जरा बस हितं."

दत्ता पोत्यावर बसला.

"दोन वर्षं झाली, म्या पेट्या बघतोय," सर म्हणाले. "सगळे म्हणत्यात ताकद कमी पडली. म्या मोजलं. दहापट ताकद केली तरी सुई दीड-दोन घरंच पुढं जाती. त्या दिवशी तीस वॅट असते तरी मधले शब्द आलेच असते, असं म्या छातीवर हात ठेवून न्हाई सांगू शकत. पर शेवटचा शब्द दोन्ही बाऱ्या आला. तो म्या दिलेला शब्द व्हता."

तात्या म्हणाले, "अवो सर, शब्दात काय हाय?"

"ओव्हर म्हंजे संपलं न्हवं तात्या. ओव्हर म्हंजे आता तुमी बोला. म्या त्याचं 'झालं' केलं. पुढच्याला बोलायला सांगायचा शब्द, म्या तो मरणाचा केला." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आन् का केला, तर माझ्या आडनावाला लोक हसत व्हते म्हणून. मराठी-बिराठी काय न्हवतं. मला लागत व्हतं ते. तेवढ्यासाठी शब्द बदलला, आन् ह्या पोराचा पाय गेला. हे मला दोन वर्षापूर्वीच कळलं व्हतं. बोलवत न्हवतं. पेटी ठरली म्हंजे हितं यावं लागणार आन् सांगावं लागणार, म्हणून पेटी ठरत न्हवती."

गिरणी बंद होती. तात्या खाली बघत होते. हसणाऱ्यांत मीही होते, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं.

दत्ता पिठानं पांढरे झालेले हात चोळत राहिला. मग म्हणाला, "सर, पायाचं मला काय न्हाई वाटत आता. सवय झाली. दुसरंच एक हाय."

"काय?"

"घरी पोचलो, तर आई तांदूळ निवडत बसलेली. तिला जित्ती बघून मला आनंद व्हायला पायजे व्हता का न्हाई? मला राग आला. पायातनं रगत चाललेलं. म्या तिच्यावर वराडलो, तू जित्ती हाईस तर मला कशाला मारलंस म्हणून. ती उठली, पाणी घिऊन आली. पुढं वर्षभर होती, पर त्याच्यावर आमी दोघं कधी बोललो न्हाई." त्यानं हातांचं पीठ मांडीला पुसलं. "तुमी आज तुमचं बोललात म्हणून म्या बोललो. न्हाईतर कोणाला सांगितलं न्हवतं."

सरांनी दत्ताच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. थोड्या वेळानं तात्यांनीच विचारलं, "मग आता झालंच्या जागी काय म्हणायचं?"

"'बोला' म्हणा," सर म्हणाले. "नुसतं 'बोला'."

दुपारची एसटी आलीच नाही. पुढच्या फाट्यावर काही मिळेल म्हणून आम्ही पायी निघालो. दत्ता म्हणाला, वाटेपर्यंत येतो. लाईनमनची चाल फार लांब टांगांची असते, एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत दम न घेता जाणारी. सरांबरोबर चालायचं म्हणजे मला नेहमी पळावं लागायचं. त्या दिवशी पहिल्यांदा मी मागं राहिले ते माझ्या मनानं. ऊन कलतं होतं, भाताची खाचरं कोरडी पडलेली. पुढं दत्ता पाय ओढत चालला होता आणि त्याच्या डाव्या बाजूला सर, टांग अर्धी करून, त्याच्या पावलाला पाऊल जुळवत. एका वळणावर दत्ता श्वास घ्यायला थांबला, तसे सरही थांबले. तो निघाला, तेव्हा तेही निघाले.